फौजीच्या नातवाने समाजसेवा कशी करावी

घराण्यात कोणी फौजेत होतं का, ते आधी शोधून काढा. आजोबा नसतील तर चुलत आजोबा चालतात. आईच्या मामांपर्यंत गेलात तरी हरकत नाही. मूळचे साताऱ्याकडचे असाल तर चिंताच मिटली. पलटण कुठली, लढाई कुठली, या खोलात शिरू नका. ‘बॉर्डरवर होते’ एवढं ठाण्याच्या घोडबंदर रोडला भरपूर झालं.

मग ट्रंकेतलं पदक काढा. 1971 चं संग्राम मेडल निघालं तर बेलाशक शौर्यपदक म्हणा. त्या काळात ठरावीक राज्यांत तैनात असलेल्या सैनिकांना ते सरसकट मिळालं होतं, हे एखाद्या म्हाताऱ्या सुभेदारालाच कळेल, आणि तो सभ्यपणे गप्प बसेल.

सेवेला मुहूर्त लागतो. 26 जुलैचा कारगिल विजय दिवस उत्तम, पण ठाण्याचा पाऊस फ्लेक्सला सोडत नाही. 1971 च्या विजयाचा 16 डिसेंबर बरा, मंडप कोरडा राहतो. 7 डिसेंबरचा, सैनिकांसाठी निधी गोळा करायचा ध्वजदिन मात्र कटाक्षाने टाळा. लाल, गडद निळा आणि फिका निळा असा तो चिमुकला झेंडा छातीला लावला की डब्यात स्वतःचे पैसे टाकावे लागतात. 1949 पासून हे चालू आहे आणि अजून त्यात भाषणाची सोय कोणी केलेली नाही.

फ्लेक्स तलावपाळीला लावा. मध्ये तुम्ही, हात जोडून. आजोबा वर कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढे.

वीरपत्नीचा सत्कार हवाच. शाल, श्रीफळ, फोटो. इथे एक धोका सांगून ठेवतो. कोपरीच्या चाळीतल्या आजी शाल सावरत हळूच म्हणतील, “बाळा, हयातीचा दाखला तेवढा करून दे रे. मशीनवर अंगठाच उठत नाही.” खरंच उठत नाही. जन्मभर भांडी घासून रेषा गेल्यात. त्या अंगठा पदराला पुसतात, पुन्हा दाबतात, मशीन पुन्हा नाही म्हणतं. हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, काम फार मोठं नाही. तरी पाघळू नका! आज एकीचा केलात की उद्या दुसरी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घेऊन येईल. त्यात तिचं नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. तिसऱ्याचं फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर खातंच उघडत नसेल, चौथ्याला माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड हवं असेल. मग सैनिक कल्याण कार्यालयात खेपा घाला, रांगेत उभे राहा. आणि रांगेतल्या माणसाचा फोटो काही चांगला येत नाही. आजींना ‘बघतो हं’ म्हणा आणि पुढच्या सत्काराकडे वळा.

रक्तदान शिबिर घेतलंत तर रक्त इतरांनी द्यावं. तुमच्या हाताला प्रमाणपत्रं वाटायची आहेत.

राहता राहिले तुमच्याच सोसायटीच्या गेटवरचे हवालदार काका. फौजेतून निवृत्त झाले, आता बारा तासांची ड्युटी करतात. पहाटे तुम्ही कॅब बोलावता तेव्हा तेच उठून गेट उघडतात. त्यांनाही स्टेजवर बसवावं, असं समितीतलं कोणीतरी नक्की सुचवेल. सूचनेचं स्वागत करा आणि विषय बदला. ते स्टेजवर बसले तर पाहुण्यांच्या गाड्या कोण लावून घेणार?