बारवेतल्या ठिपक्यांना सुई नसते

आमच्या परभणी भागात सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे: बारवेच्या पाण्यात टुणटुण उडणारे पांढरट ठिपके रक्तपिपासू असतात, त्यांच्या तोंडातल्या सुईतून नारू हा दोऱ्यासारखा जंत अंगात शिरतो, तेव्हा बारवेत रॉकेल ओता. यातले एकही विधान खरे नाही आणि शेवटचा सल्ला तर घातक आहे.

आधी सुईचे पाहू. बारवेचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरले व साधे भिंग लावले, की कळते की हे ठिपके बहुतेक जलपिसू आहेत, फार तर दोन-तीन मिलिमीटरच्या. पारदर्शक कवचाआड त्यांच्या पायांची अखंड लगबग चालू असते. पायांवरील बारीक केसांच्या झालरी शेवाळाचे कण गाळून घेतात, ते कण पायांमधल्या खाचेतून तोंडाकडे सरकतात आणि तिथे जबड्यांखाली दळले जातात. शेवाळ खाल्लेल्या जलपिसूचे आतडे कवचातून हिरव्या रेघेसारखे दिसते. टोचण्याजोगा अवयव तिला नाहीच. डासाच्या अळीलाही नाही. तिच्या तोंडापाशी कुंचले असतात, रक्त शोषणारी सोंड फक्त पूर्ण वाढलेल्या मादीला येते.

नारूचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात सत्याचा कण आहे. नारूचा संबंध आहे तो जलपिसूच्या शेजारी राहणाऱ्या, एकाच डोळ्याच्या सायक्लॉप्स या बारीक पाणजीवाशी. सायक्लॉप्स पाणी गाळत बसत नाही, भक्ष्य धरून खातो, आणि रोग्याच्या पायावरील फोडातून पाण्यात पडलेल्या नारूच्या अळ्याही तो तशाच गट्ट करतो. तो चावत नाही. आपणच त्याला न गाळलेल्या पाण्याबरोबर गिळतो, पोटात तो मरतो, अळ्या मोकळ्या होतात आणि सुमारे वर्षभराने नारूची लांबलचक मादी कातडीतून डोके काढते. लोक पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरत, म्हणून बारवांना हा रोग चिकटला होता, आणि म्हणूनच दाट विणीच्या फडक्याने पाणी गाळणे हा त्यावरचा मोठा उपाय ठरला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला व २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजच्या बारवेतल्या सायक्लॉप्सला खायला नारूच्या अळ्याच उरलेल्या नाहीत.

राहिले रॉकेल. त्याने पाणी पिण्यालायक राहत नाही, जनावरांनाही पाजता येत नाही, आणि जलपिसू मेल्या की शेवाळ खाणारे तोंड जाऊन पाणी आणखी हिरवे होते. बारवेचे पाणी प्यायचेच असेल तर फडक्याने गाळून उकळावे, आणि ते फडके बारवेतच खळबळू नये.