गोळीतलं ‘प्लास्टिक’ आणि ग्लासातला प्रयोग

एक व्हिडिओ फिरतोय. ग्लासातल्या पाण्यात गोळी टाकतात, तिच्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि मागून आवाज येतो: हे प्लास्टिक आहे, शरीरात साठतं, यात अँटिफ्रीझ असतं, कंपन्या पैसे वाचवायला घालतात.

आधी तो थर. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळीत बहुधा हायप्रोमेलोज असतं, झाडांच्या सेल्युलोजपासून केलेलं. ते पाणी पिऊन फुगतं आणि औषध हळूहळू बाहेर सोडतं. थोडक्यात, ती गोळी कॅमेऱ्यासमोर आपलं काम करतेय!

पूर्णपणे कृत्रिम पॉलिमरही (लांब साखळीसारखे रेणू) गोळ्यांत असतात, हे खरं. पोव्हिडोन घ्या. पण ते पाण्यात विरघळतं, कण मागे राहतच नाहीत. त्याला मायक्रोप्लास्टिक कसं म्हणायचं?

‘साठतं’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोव्हिडोनचं द्रावण रक्तद्रवाला पर्याय म्हणून शिरेतून देत. त्यातल्या लांब साखळ्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून जाईनात, ऊतींत अडकून राहिल्या. तोंडावाटे घेतलेल्या गोळीचं तसं नाही. एवढे मोठे रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाहीत, शौचावाटे बाहेर पडतात. बद्धकोष्ठावरची मॅक्रोगोल ३३५० (म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पावडर तर याच गुणावर चालते: स्वतः शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते. तेव्हा साखळी किती लांब आणि ती कोणत्या वाटेने शरीरात गेली, हे विचारायला हवं.

अँटिफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल हा छोटा, विषारी रेणू. गोळ्यांतही वापरलं जाणारं मॅक्रोगोल, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, त्याच घराण्यातलं, पण लांब साखळीचं. नाव मिळतंजुळतं म्हणून गुण सारखे होत नाहीत. धोका आहे तो भेसळीचा किंवा चुकीच्या द्रावकाचा. १९३७ साली अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात बनवलेल्या सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाने शंभरावर माणसं दगावली. मॅक्रोगोलच्या मानकांत या दोन्ही ग्लायकॉलांवर मर्यादा आहे ती म्हणूनच.

पैसे वाचवण्याचं म्हणाल, तर बाइंडर (गोळी बांधून ठेवणारा घटक) नसेल तर बऱ्याच गोळ्या पाकिटातच भुगा होतील. पँटोप्रॅझोल हे ॲसिडिटीवरचं औषध आम्लात टिकत नाही, म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारं, लहान आतड्यात गेल्यावर सुटणारं आवरण देतात. त्यासाठी वापरले जाणारे काही मेथाक्रिलेट पॉलिमर ५.५ पीएचच्या वर, म्हणजे आम्लता कमी झाल्यावर, विरघळतात. हा खर्च वाढवणारा उद्योग आहे.

मॅक्रोगोलची ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण असते, आणि कधी जिवावर बेतते. ज्यांना ती आहे त्यांनी औषधातल्या निष्क्रिय घटकांची यादी दरवेळी वाचायला हवी. व्हिडिओत याबद्दल अवाक्षर नाही.