मिंधेपणाची भीती

भारतातून पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: "देश छान आहे हो, पण माणसे फार तुसडी." स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये नऊ वर्षे काढल्यानंतर मला हे वाक्य पटेनासे झाले आहे आणि ते का, हे एकदा सविस्तर लिहावे म्हणून ही पोस्ट.

स्वीडिश माणूस समजून घ्यायचा असेल, तर पाहुण्यांनी राजवाडे आणि संग्रहालये पाहण्याआधी आमच्या इमारतीचे तळघर पाहावे. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत इथे दहा लाख घरे बांधण्याचा सरकारी कार्यक्रम राबवला गेला. आमची इमारत त्यातलीच. अशा कित्येक इमारतींमध्ये घरोघरी वॉशिंग मशीन नसते. तळघरात सगळ्यांना मिळून एक 'त्वेत्तस्तूगा', म्हणजे कपडे धुण्याची खोली असते. दाराशेजारच्या भिंतीवर तारखांचा फळा आहे आणि प्रत्येक घराला एक छोटेसे कुलूप दिलेले आहे. हव्या त्या तारखेच्या, हव्या त्या वेळेच्या भोकात ते अडकवले, की तेवढे तीन तास आपले. निघताना फरशी पुसायची आणि ड्रायरच्या जाळीत अडकलेला कपड्यांचा भुगा हाताने काढून टाकायचा, हा नियम.

पहिल्याच हिवाळ्यात मी तो भुगा काढायला विसरलो. पुढच्या खेपेला ड्रायरवर सुवाच्य अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "जाळी आपोआप साफ होत नाही. पुढच्याचा विचार करावा. धन्यवाद!" खाली नाव नाही, वर कोणाला उद्देशून तेही नाही. असल्या रागाच्या चिठ्ठ्या हा इथल्या शेजारधर्माचा ठरलेला भाग आहे, हे नंतर कळले. त्या दिवशी मात्र मला फार लागले. पुण्यात कोणीतरी दार वाजवून चार शब्द सुनावले असते आणि दहा मिनिटांत विषय संपला असता, असे वाटत राहिले. पण त्याच खोलीत नऊ वर्षे कपडे धुताना एक गोष्ट लक्षात आली, की "जरा अर्धा तास मशीन द्याल का?" असे अजिजीने विचारण्याची वेळ तिथे माझ्यावर कधीच आली नाही. कुलूप लावले की वेळ आपली, मग समोर कारखानदार असो वा कालच आलेला परदेशी.

आपल्याकडे 'मिंधे होणे' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. स्वीडनमधील बरेचसे दैनंदिन जीवन कोणी कोणाचा मिंधा होऊ नये या एकाच काळजीने आखलेले आहे, असे माझे मत झाले आहे. १९७१ पासून इथे नवरा-बायकोचा प्राप्तिकर स्वतंत्रपणे आकारला जातो. विद्यार्थ्याला शिक्षणासाठी सरकारी अनुदान आणि कर्ज देताना आई-वडिलांचे उत्पन्न पाहिले जात नाही. हेन्रिक बेर्गग्रेन आणि लार्श त्रेगोर्ड या स्वीडिश इतिहासकारांनी या व्यवस्थेचे वर्णन 'राज्याधिष्ठित व्यक्तिवाद' असे केले आहे: सरकारवर अवलंबून राहा, म्हणजे एकमेकांवर अवलंबून राहावे लागणार नाही.

भाषाही त्याच वाटेने गेली. एके काळी इथे समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषी संबोधावे लागे, "डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?" हे डॉक्टरांनाच विचारायचे. १९६७ साली ब्रूर रेक्सेद हे वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले आणि आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असे त्यांनी जाहीर केले. ही लाट आधीच सुरू झाली होती, तरी त्यांचे नाव तिला कायमचे चिकटले. (त्याच वर्षी ३ सप्टेंबरला अख्ख्या देशाने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली, मला विचाराल तर 'तू' म्हणणे अधिक अवघड असणार.) ऐंशी वर्षांच्या शेजारीणबाईंना 'तू' म्हणताना माझी जीभ अजूनही अडखळते.

आता ज्या गोष्टीवरून स्वीडिश लोकांची सर्वाधिक चेष्टा झाली, तिच्याकडे येतो. खेळायला आलेल्या मित्राला जेवणाच्या वेळी खोलीतच बसवून घरचे लोक जेवतात, या जुन्या सवयीवरून २०२२ च्या मे महिन्यात जगभर गदारोळ झाला. माझा अनुभव त्याच्या उलट बाजूचा आहे. मुलाचा वर्गमित्र एका संध्याकाळी घरी होता, बायकोने थालीपीठ लावले, त्याने दोन खाल्ली, लोणी मागून घेतले. रात्री त्याच्या वडिलांचे आभार आले आणि पाठोपाठ फोनवर स्विश या पैसे पाठवण्याच्या ॲपने चाळीस क्रोनर. बायको दोन दिवस धुमसत होती. खानावळ काढली आहे का, हा तिचा प्रश्न रास्तच होता. मी पैसे परत पाठवले, तर ते गृहस्थ बिचारे ओशाळले. आम्हाला दुखवायचे त्यांच्या मनातही नव्हते. आपल्या मुलाचा भार परक्या घरावर पडला, हीच त्यांची टोचणी होती. आपल्याकडे वार लावून जेवलेल्या पिढीच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना अन्नाबरोबर येणारे ओशाळेपण काही अगदीच अनोळखी वाटू नये.

म्हणून हे लोक एकत्र येतात तेव्हाही हिशेब सांभाळून येतात. १९५३ पासून मिडसॉमर या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. पाने-फुले गुंडाळलेल्या उंच खांबाभोवती एरवी गंभीर असणारी प्रौढ माणसे बेडकासारख्या उड्या मारत फेर धरतात आणि मग हेरिंग मासे, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे, स्ट्रॉबेरी अशी पंगत बसते. पुष्कळदा ही पंगत 'क्नीतकालास' असते. 'क्नीते' म्हणजे गाठोडे. ज्याने त्याने आपले गाठोडे आणावे आणि सर्वांनी मिळून खावे. त्यात यजमान कोणी नाही, म्हणून उपकारही नाहीत. जंगलातही तेच: दुसऱ्याच्या मालकीच्या रानातली ब्लूबेरी आणि अळंबी वेचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, घराजवळ जाऊ नये आणि नासधूस करू नये एवढेच पथ्य.

या व्यवस्थेची किंमत मी नाकारत नाही. दर ५ घरांपैकी किमान २ घरांत एकटाच माणूस राहतो; डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधारून आल्यावर खिडकीतले कागदी तारे उजळतात, पण कितीतरी दारे दिवसभर वाजत नाहीत. कोणालाच कोणाची गरज भासू नये, असा बंदोबस्त केल्यावर बोलायला निमित्त उरत नाही. आमच्या शेजारीणबाई अशाच एकट्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या दारावर टकटक करून मी सहा करंज्यांचा स्टीलचा डबा दिला. त्यांनी आभार मानले, दार लावले. डबा महिना झाला तरी परत आला नाही आणि आमच्या घरात त्यावरून थोडी कुजबुजही झाली.

१३ डिसेंबरला, लुसिया या हिवाळ्यातल्या प्रकाशाच्या सणाच्या सकाळी, त्या स्वतः दारात उभ्या होत्या. रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून याच दिवसाची वाट पाहत होत्या, म्हणाल्या. आत केशर घातलेले, दोन्ही टोकांना वळवून मनुका खोचलेले लुसियाचे पाव होते. डब्यात ते मावत नव्हते, झाकण लागत नव्हते, म्हणून त्यावर लाल सुतळी बांधली होती. बायकोने ओट्यावर नेऊन मोजले. बरोबर सहा होते.