आधी जुना नंबर शोधा

रस्त्यावरून पुन्हा उभं राहिलेल्या बेघरांवरच्या एका लेखात ‘वस्तीतल्या लोकांनी आधार काढून दिलं’ एवढ्यावर विषय संपवलाय. खरी मेख तिथेच आहे!

पत्ता नसला म्हणून अडत नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला चालतो. मात्र तो यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) ठरावीक नमुन्यातच हवा, सही-शिक्का निम्मा फोटोवर आणि निम्मा कागदावर. मुदत 3 महिने. संस्थेचं साधं पत्र नेलंत तर हेलपाटा ठरलेला.

पण नव्या नोंदणीची घाई नको. बऱ्याच जणांचं आधार पूर्वी गावी निघालेलं असतं, कार्ड तेवढं हरवलेलं. मग नवा अर्ज दुबार म्हणून बाद होतो. आधी आधार सेवा केंद्रात जुना नंबर शोधून घ्या. सिमेंटकाम, धुणीभांडी करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. तेव्हा बुबुळांवरून तपासायला सांगा.

मतदार यादीचं त्यामानाने सोपं. नमुना 6 मध्ये झोपायची जागा लिहायची, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक अधिकारी, एकाहून जास्त रात्री येऊन बघतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही. फक्त त्या रात्रींना माणूस तिथे सापडला पाहिजे, आणि पालिकेची अतिक्रमणची गाडी फिरली की नेमकं तेच बोंबलतं.