गुठळीवाल्या शेअरचा मेसेज आणि मावशीच्या गोळ्या

काल रात्री मावशीचा फोन. "अरे, मी त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या उगाचच घेतेय का रे?" तिला मागच्या वर्षी पायात गुठळी झालेली, डीव्हीटी, तेव्हापासून डॉक्टरांनी गोळी चालू ठेवलीये. हे अचानक कुठून आलं विचारलं तर म्हणे एक मेसेज आलाय, रक्ताची गुठळी काढायची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या म्हणून. आणि त्यासाठी ती आपली ठेव मोडायचा विचार करतेय! मेसेज मागवून वाचला आणि डोकंच फिरलं.

त्यात म्हटलंय: जगात चारातला एक मृत्यू गुठळीमुळे होतो, म्हणजे मार्केट कधी आटणार नाही, औषधांचा जमाना संपला, आता गुठळी सरळ ओढून काढतात, एफडीएची, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेची, परवानगी आहे, म्हणजे रिस्क नाही, आणि शेवटी अशा कंपनीला एखादी मोठी कंपनी विकत घेतेच, पैसे दुप्पट.

आधी औषधांचं, कारण बाकीच्यात फार तर पैसे जातील, इथे जीव जाऊ शकतो. पायातल्या गुठळीवर अमेरिकेत अट्रॅक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, ६९२ पेशंट, डिसेंबर २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलीये. अर्ध्या पेशंटना फक्त रक्त पातळ करायची औषधं, बाकीच्यांना तीच औषधं आणि वर कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी, घालून गुठळी विरघळवणं, फोडणं, ओढणं. दोन वर्षांत पाय कायमचा सुजणं-दुखणं, ज्याला पोस्ट थ्रॉम्बॉटिक सिंड्रोम म्हणतात, ते किती जणांना झालं? कॅथेटरवाल्यांत ४७ टक्के, नुसत्या औषधवाल्यांत ४८. म्हणजे फरक जवळपास शून्य. उलट पहिल्या दहा दिवसांत मोठा रक्तस्राव कॅथेटरवाल्यांत १.७ टक्के आणि दुसऱ्यांत ०.३. आणि नीट बघा, औषध दोन्हीकडे चालूच होतं! गुठळी काढली तरी नवीन होऊ नये म्हणून गोळी लागतेच, उपकरण गोळीच्या जागी येत नाही, तिच्या जोडीला येतं. मेसेज लिहिणाऱ्याला एवढं माहीत नसेल तर त्याने लिहायलाच नको होतं, कारण हे वाचणाऱ्यांत गोळ्या घेणारी माणसंही असतात आणि त्यातल्या कुणी मनानेच गोळी बंद केली तर गुठळी परत होऊन फुप्फुसात जाऊ शकते.

आता कुणी म्हणेल अट्रॅक्टमध्ये गुठळी विरघळवायचं औषधही होतं, नवीन उपकरणं नुसती ओढून काढतात. बरोबर आहे. म्हणून २०२४ ची पीअरलेस ट्रायल बघितली, फुप्फुसातल्या गुठळीवरची, ५५० पेशंट. त्यात ओढून काढणं जिंकलं, तब्येत ढासळणं कमी, आयसीयू कमी. पण तुलना कशाशी, तर कॅथेटरमधून विरघळवण्याशी, गोळ्या-इंजेक्शनांशी नाही, आणि मृत्यूत तर फरक नव्हताच. मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या स्ट्रोकमध्ये मात्र ओढून काढण्याचा खरंच मोठा फायदा होतो, २०१५ च्या मिस्टर क्लीन आणि पाठोपाठच्या ट्रायल्सनी ते दाखवलंय, तेवढं मान्य करावंच लागतं. पण मेंदूतला रिझल्ट पायाला लावायचा?

चारातला एक मृत्यू हा आकडा खोटा नाही, पण त्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकही धरलेत. पायातल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्या हा त्यातला छोटा भाग, आणि त्यातही बहुतेकांचं औषधांवर भागतं.

एफडीएचं म्हणाल तर यातली बरीच उपकरणं ५१०(के) नावाच्या रस्त्याने येतात, म्हणजे बाजारात आधी असलेल्या उपकरणाशी बऱ्यापैकी सारखं आहे एवढं दाखवायचं. पेनम्ब्रा कंपनीचं गुठळी ओढायचं जेट ७ एक्स्ट्रा फ्लेक्स कॅथेटर असंच आलं आणि डिसेंबर २०२० मध्ये परत मागवावं लागलं. एफडीएकडे २०० च्या वर तक्रारी, त्यात १४ मृत्यू. रिस्क नाही म्हणे!

राहिलं पैसे दुप्पट. गुठळी काढायची उपकरणं बनवणारी इनारी मेडिकल कंपनी २०२० मध्ये शेअरला १९ डॉलर भावाने शेअर बाजारात आली आणि २०२५ मध्ये स्ट्रायकर या मोठ्या कंपनीने ती शेअरला ८० डॉलरने घेतली, हे खरंय. पण २०२१ मध्ये भाव १०० च्या वर होता, तेव्हा असेच मेसेज वाचून ज्यांनी घेतला त्यांना तेच ८० मिळाले. मधे २०२४ च्या सुरुवातीला इनारीने डॉक्टरांना दिलेल्या जेवणांची आणि कन्सल्टिंगच्या पैशांची सरकारी चौकशी आहे हे बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात जोरात आपटला. मावशीच्या वयात ठेव मोडून असले झटके कोण सोसणार.

तिला रात्रीच सांगितलं, शेअरचं आपण बसून बोलू, आजची गोळी घेतलीस का? नव्हती घेतली. फोन चालू ठेवून घ्यायला लावली.