तिकडे बघा, तिकडे!

मित्रांच्या बैठकीत व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की गप्प बसू नका. एखादा देश पुढे करा. देश निम्माच वाचलेला असावा. पुरा वाचलात की वाद हरलात.

गांजा खुला व्हावा असं तुमचं मत आहे? मग ॲमस्टरडॅम. तिथल्या कॉफीशॉपात माणशी ५ ग्रॅम मिळतो, पोलीस काही करत नाहीत, एवढं सांगा आणि एक घोट घ्या. विक्री तिथे कायदेशीर नाही, नुसती चालवून घेतात, हे गिळून टाका. पुढच्या दाराने गिऱ्हाईक आलं तर चालतं, मागच्या दाराने माल आला तर गुन्हा, असा तिथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. (२०२३ च्या अखेरीस काही शहरांत सरकारमान्य लागवडीचा प्रयोग सुरू झाला.) आपल्याकडच्या कुठल्याही टपरीवाल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

कडक शिस्तीची बाजू घ्यायची असेल तर सिंगापूर. ५०० ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी म्हणजे फाशी. 'म्हणून तर रस्ते स्वच्छ' हे वाक्य इथे बसतं. संबंध कुणी विचारत नाही. आणि तिथला नागरिक ॲमस्टरडॅमला जाऊन ओढून आला, तरी परतल्यावर चाचणीत सापडला की गुन्हेगार. म्हणजे तुमची दोन्ही उदाहरणं लघवीच्या एकाच बाटलीत भेटतात.

भाचा कॅलिफोर्नियात असेल तर त्याचं नाव जरूर घ्या, पण जपून. दुकान राज्याच्या परवान्याचं, पावतीवर करही लागलेला. व्हिसा मात्र केंद्र सरकार देतं आणि त्या सरकारच्या लेखी गांजा अजून बेकायदाच. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत 'रीतसर विकत घेतला होता' असं सांगितलं, तर ते कार्ड हुकायला तेवढा खरेपणा पुरतो.

दुबईला फराळ पाठवणाऱ्यांना खास सल्ला: अनारसे तिळावर थापा. खसखस अफूच्या बोंडातली, अमिरातीत तिला बंदी. आमच्याकडे हे ऐन बॅग भरताना कळलं. बहिणीने डबा उघडून एकेक अनारसा चमच्याने खरवडला. पाऊण तासात आठ झाले, त्यातले तीन मोडले. टेबलावरची खसखस तळहातावर गोळा करून आई म्हणाली, "आता हिचं काय करू, पोलिसात जमा करू?"

परदेश संपले की १९८५ चा आपला अमली पदार्थांचा कायदा काढा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात. झाड एकच, शेंडा तुरुंगात जातो, पाला थंडाईत.

महाराष्ट्राचं काय, असं मात्र कुणाला विचारू देऊ नका. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो, तोही कागदोपत्री तब्येत सांभाळण्यासाठी. तुम्ही हा सगळा वाद जिथे बसून घालताय, त्या जागेच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलंय ते त्यामुळेच. वेटरकडे एक दिवसाचं परमिट मागून बघा. आम्ही मागितलं होतं.

तो म्हणाला, "साहेब, ते मेनूत नाही."