दाणावैरणीच्या पैशांबद्दलच्या तक्रारीला आमच्या तबेल्याचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय पुतण्याने काल रात्री घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तुम्हाला मनस्ताप झाला, उन्हाचं थांबावं लागलं, त्याबद्दल आमच्या सगळ्या घराकडून माफी मागतो. आमच्या दारातून कुणी नाराज होऊन जावं हे आम्हाला कधीच आवडत नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय ते असं: घोडी विकत घेतल्यावरही रोजच्या अडीचशे रुपयांच्या नावाखाली आम्ही तुम्हाला लुटलं, घोडी वाळवून दिली, आणि न्यायला आलात तेव्हा तासन्‌तास बसवून ठेवलं. आमचे आप्पा तेव्हापासून धड जेवलेले नाहीत. सारंगखेड्याच्या जत्रेत ते त्यांच्या वडिलांसोबत जायला लागले तेव्हापासून घोड्यांच्या व्यवहारात आमच्या घराण्याला लबाड कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दत्तजयंतीनंतरच्या त्या आठवड्यात तापीकाठी आमच्या तंबूत तुम्ही ही कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी घोडी पाहिली. चालवून पाहिली, दात पाहिले, चारही पाय उचलून पाहिले. गळ्याखालचं देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, बघून तुमच्यासोबतचे काका तर लगेच हो म्हणाले. सौदा १ लाख ८० हजारांना पक्का झाला. अर्धी रक्कम तुम्ही तिथेच दिली, बाकीची घोडी नेताना द्यायची ठरली. तुम्ही म्हणालात, घरी शेडचं काम चालू आहे, पंधरा दिवसांत गाडी पाठवतो. आप्पा म्हणाले, पंधरा दिवस आमच्याकडून, एक रुपया नको. त्यापुढे रोज २५० रुपये दाणावैरण, हे पावतीच्या मागे लिहिलं, तुम्हाला वाचून दाखवलं आणि त्याखाली तुमची सही आहे. पावतीचा फोटो पुतण्याने तुम्हाला त्याच संध्याकाळी पाठवला होता.

त्यानंतर संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, होळी पेटली तरी गाडी आली नाही. आधी पत्रे मिळाले नाहीत म्हणालात. मग घरात लग्न निघालं म्हणालात, तेही आम्ही समजून घेतलं, लग्नघर कुणाला चुकलंय? पण पुढे फोन उचलणंच बंद झालं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. शेवटी रजिस्टर पत्र पाठवावं लागलं. दुसऱ्याची घोडी दावणीला आणि मालकाचा पत्ता नाही, या काळजीत रात्र काढणं काय असतं ते घोडेवाल्यालाच कळतं.

आता त्या अडीचशे रुपयांचं. एवढी घोडी दिवसाला सात-आठ किलो सुकी वैरण खाते. म्हणजे ज्वारीच्या कडब्याच्या पाच-सहा पेंढ्या. यंदा आमच्याकडे पेंढी २० रुपयांच्या खाली मिळत नाही, म्हणजे १०० ते १२० रुपये कडब्याचेच झाले. भिजवलेला हरभरा एक किलो, ६५ ते ७०. बाजरी दीड किलो, ४५. गव्हाचा कोंडा अर्धा किलो, १५. बेरीज तुम्हीच करा, २२५ ते २५० होते. यात मीठ नाही, उन्हाळ्यात दिवसाचं तीस-चाळीस लिटर पाणी नाही, खरारा करणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ तिला फिरवणाऱ्या गड्याची मजुरी नाही. घोडी नुसती बांधून ठेवली तर पाय सुजतात, म्हणून फिरवावीच लागते. नालबंद दोनदा आला, खूर कापून नवे नाल ठोकून गेला, त्याचे पैसे तुमच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. जंताचं औषध आणि धनुर्वाताची लसही आमच्याच खिशातून. एका रात्री तिचं पोट दुखायला लागलं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ म्हटलं की जिवाशी गाठ असते. ती सारखी लोळायला बघत होती आणि आप्पा या वयात पहाटेपर्यंत तिला धरून फिरवत होते. डॉक्टर येऊन सुया देऊन गेले. त्यांच्या फीची चिठ्ठीही तुम्हाला दिली नाही, कारण आप्पा म्हणाले, आपल्या दावणीला होती, आपण बघायचं.

यात आम्ही काय कमावलं, भाऊ? तीच जागा मोकळी असती तर तिथे दुसरी विकाऊ घोडी बांधली असती.

नात्यातले एक वकील आहेत, त्यांना विचारलं होतं. मालविक्रीचा १९३० चा कायदा आहे, त्याच्या कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे की विकणारा माल द्यायला तयार असून त्याने घेऊन जा म्हटल्यावरही घेणाऱ्याने वाजवी वेळेत नेला नाही, तर झालेलं नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च घेणाऱ्याने द्यायचा. पूर्ण पैसे मिळाले नसतील तर कलम ५४ प्रमाणे नोटीस देऊन, वाजवी मुदत देऊन माल दुसऱ्याला विकताही येतो. फाल्गुनात एक गिऱ्हाईक तुमच्या सौद्यापेक्षा वीस हजार जास्त द्यायला तयार होतं, रोख. वकील म्हणाले, नोटिशीची मुदत संपली की खुशाल विका. आप्पांनी विकली नाही. तुम्ही मुलीसाठी घेतलीय असं सांगितलं होतं, आणि मुलीने तंबूत घोडीच्या गळ्यात हात घालून काढलेला फोटो आमच्याकडे होता.

घोडी वाळली म्हणता, तर जत्रेतली घोडी आणि चैत्रातली घोडी यात फरक दिसणारच. जत्रेसाठी जनावर भरवलेलं असतं, थंडीत केस दाट असतात, अंग भरलेलं दिसतं. काम नसलेल्या घोडीला जत्रेचा खुराक तसाच चालू ठेवला तर पाय धरतात, मग लाखाचं जनावर लंगडं होतं. म्हणून आम्ही दाणा मुद्दाम बेताचा ठेवला. नेण्याच्या दिवशी डॉक्टरांनी तपासून दाखला दिला, त्यात तब्येत उत्तम लिहिलंय. तो तुमच्याकडेच आहे, वाचून पाहा.

आणि बसवून ठेवण्याचं म्हणाल तर तुम्ही न कळवता आलात, भर दुपारी. खान्देशातलं ते ऊन, पारा ४३ वर, आणि गाडी उघडी पिकअप, खाली पेंढा नाही, बाजूला गाद्या नाहीत. प्रवासाला जनावर योग्य आहे असा पशुवैद्याचा दाखला लागतो, वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांतच आहे ते. डॉक्टर गावोगावी फिरतीवर असतात, त्यांना यायला संध्याकाळ झाली. तोपर्यंत तुमच्यासाठी जेवण झालं, खाट टाकली, कूलर लावला. गाडीत पेंढा आमचा, बाजूला बांधलेली पोतीही आमची. दिवस मावळल्यावर घोडी चढवली, ती घाबरली नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंत.

भाऊ, आमचं दुकान नाही, जाहिरात नाही. शहादा-दोंडाईचा रस्त्यावर एक तबेला आहे आणि वर्षातून एकदा जत्रेत तंबू. आजकाल लोक तंबूत शिरण्याआधी मोबाइलवर नाव टाकून बघतात. तुमचं लिहिलेलं वाचून जळगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने कालच फोन केला, काय झालं म्हणून. पाच घरं या घोड्यांवर चालतात. तुमची नाराजी आम्ही पुसून टाका म्हणत नाही, फक्त लुटलं असं जे लिहिलंय त्याचा फेरविचार करा एवढी हात जोडून विनंती. पुढच्या जत्रेपासून दाणावैरणीचं आणि नेण्याच्या तारखेचं आणखी नीट लिहून देऊ.

जाताना लसीचं कार्ड आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद तुमच्या ड्रायव्हरकडून इथेच खाटेवर राहिला. पत्ता पाठवा, कुरियरने पाठवतो, पैसे नकोत. नालांना आता दीड महिना होत आला असेल, नालबंद बोलवून घ्या. आणि बाजरी एकदम वाढवू नका, आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवा.